लकवा एक, दारं दोन

सूनबाई, पोराचा उजवा हात लकव्यानं गेला, आता फडात कोयता धरणं त्याच्या नशिबी नाही. तू परवा विचारलंस, "मामा, सरकारचं काही मिळतं का?" मिळतं. पण आपल्या तीर्थपुरीत माणूस आधी झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि मग विचारतो की अर्ज कशाचा करायचा. तू उलटं कर. आधी दार ठरव.

1980पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना तुला ठाऊक आहे. तिच्यात आजारी माणसाला शिरायला दोन दारं आहेत. एक दुर्धर आजाराचं : क्षय, कर्करोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग, अशा दुखण्यामुळे ज्याला पोट भरता येत नाही त्याच्यासाठी. दुसरं दिव्यांगाचं : किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यासाठी. लकव्याचा माणूस दोन्ही दारांतून जाऊ शकतो, आणि इथंच लोक फसतात. आजाराच्या दारातून गेलं तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं आणि महिन्याला 1500 रुपये मिळतात. दिव्यांगाच्या दारातून गेलं तर उत्पन्नाची मर्यादा 50 हजार, आणि ऑक्टोबर 2025पासून रक्कम 2500. माणूस तोच, लुळा हात तोच, आणि महिन्याला हजाराचा फरक. 21 हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. तेवढ्यात कुणाचं घर चालतं, हे ठरवणाऱ्यालाच विचारायला हवं. असो. आपण प्रमाणपत्राच्या दारानं जाऊ.

ते प्रमाणपत्र यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, अर्जावरच मिळतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, फुकट आहे. सेवा केंद्रवाला टायपिंगचे पैसे घेईल तेवढेच. अर्ज भरताना रुग्णालय निवडावं लागतं. आपल्या जिल्ह्याचं जालन्याचं सामान्य रुग्णालय आहेच, पण जिथं उपचार चालू आहेत ते सरकारी रुग्णालयही निवडता येतं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात उपचार चालू असतील आणि कागद तिथंच असतील, तर तिथलंच निवडलेलं बरं. तपासणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या वारी बसतं ते आधी विचारून मगच गाडी कर. लकव्याच्या माणसाला घेऊन रिकामं परत येणं सोपं नाही.

आता नीट ऐक, सगळं इथंच घडतं किंवा बिघडतं. आपल्या माणसांना डॉक्टरपुढं बसलं की "बरं आहे साहेब" म्हणायची खोड आहे. दुखणं सांगायची लाज वाटते, गड्याला तर जास्तच. बोर्डापुढं ती लाज महागात पडते. तिथं आजाराचं नाव मोजत नाहीत. हात किती उचलतो, सांधा किती वळतो, जोर किती उरलाय, चालताना पाय ओढतो का, हे बघून टक्के ठरतात. म्हणून जायच्या आधी घरी बसून लिही : सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, भाकरी तोडता येत नाही, न्हाणीत धरावं लागतं, जिना चढवत नाही. जसं आहे तसं. त्यात वाढवू नको, लंगडायचं नाटक शिकवू नको. बोगस प्रमाणपत्रांवरून एवढा गाजावाजा झाल्यापासून फेरतपासणी होते, आणि एक नाटक पकडलं की दहा खऱ्यांकडं संशयानं बघतात. त्याचं बोलणंही अडखळतं ना? ते अर्जातच सांग. लकव्यानं गेलेली वाचा हे कायद्यात वेगळं अपंगत्व आहे, दोन्ही मिळून टक्के धरतात. तू गप्प राहिलीस तर हाताचेच धरतील.

डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, सगळं तारखेप्रमाणं लाव. आजार ताजा असला तर बोर्ड थांबायला सांगतं किंवा मुदतीचं प्रमाणपत्र देतं. मुदतीचं मिळालं तर संपायची तारीख कॅलेंडरवर लिही. ती उलटली की अनुदान अडकायला वेळ लागत नाही. टक्के कमी दिले असं वाटलं तर भांडू नको, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 59व्या कलमानं अपील करता येतं.

शेजारच्या जाऊबाईंनी तुला विचारलंय, त्यांच्या घरी डायलिसिस आहे. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यानं ते 21 केले. पार्किन्सन, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. मूत्रपिंड, हृदय, साखर यांची नावं नाही आली. मात्र साखरेनं पाय कापावा लागला किंवा नजर गेली, तर ते अपंगत्व मोजलं जातं. डायलिसिसवाल्यांनी दुर्धर आजाराच्या दारात अर्ज द्यावा. तिथली यादी "यासारख्या" म्हणून लिहिलेली आहे, म्हणजे ती तेवढ्याच नावांवर संपत नाही. डॉक्टरकडून नुसतं आजाराचं नाव नको, "या आजारामुळे काम करून चरितार्थ चालवू शकत नाही" असं वाक्य लिहून आणायला सांग.

प्रमाणपत्र हातात आलं की बाकीचे कागद : वयाचा पुरावा, 15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक. यात नावाचा घोळ आधी निस्तर. आधारवर बालाजी आणि रेशनकार्डावर बाळू, अशी कितीतरी प्रकरणं त्रुटीत पडून राहतात. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते विचार. जुनं, बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर मंजुरी मिळूनही हातात काही येणार नाही. कोयत्यानं घासलेली बोटं मशीनवर उमटत नाहीत, तर आधार केंद्रात डोळ्यांची नोंद ताजी करून घे.

नगरपंचायतीतही एक अर्ज टाक. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, आणि तीर्थपुरीला आता नगरपंचायत आहे. मागणाऱ्याचं नाव यादीत असलं तर मिळायची आशा.

कुणी म्हणेल, "मंजूर करून देतो, पहिल्या दोन महिन्यांचे माझे." चहा पाज आणि वाटेला लाव. मंजुरी तालुक्याच्या समितीत होते, त्याच्या खिशात नाही.

मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नको. आणि घनसावंगीच्या तहसीलमध्ये संजय गांधी शाखेत अर्ज देशील तेव्हा शिक्क्याची, तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको.