नातीचा पहिला नाताळ

अहिल्यानगर,
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय धाकटे,

सप्रेम जय ख्रिस्त.

फोनवर तू मला बोलू कुठे देतेस, म्हणून कागद घेऊन बसले. नातीच्या पहिल्या नाताळासाठी तू जे जे ठरवलं आहेस ते ऐकूनच मला धाप लागली. चोवीसच्या रात्री कॅरलवाली मंडळी घरी, पंचवीसला उपासनेनंतर चाळीस पानं, संध्याकाळी सीवूड्सच्या मॉलमधल्या झाडापुढे फोटो. यात सून कुठे आहे, ते काही सापडलं नाही. साताऱ्याला माहेरी बाळंत होऊन ती तीन महिन्यांचं लेकरू घेऊन नेरुळला परतली आहे. सलग झोप तिला अजून मिळत नाही. म्हणून एकच सांगते, बाकीचं त्यातूनच निघेल: या वर्षी यजमानीणपण बाजूला ठेव आणि त्या दोघींची राखणदार हो.

पाहुण्यांपासून सुरुवात कर. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आले, बाळ पाहिलं आणि देवाचं गौरव करत परत गेले. जेवायला थांबल्याचा उल्लेख नाही. तुझ्या मंडळीतल्या लोकांना हे हसत हसत सांगता येईल. चाळीस जणांना एकदम बोलावण्यापेक्षा सव्वीस ते एकतीसच्या दरम्यान थोडे थोडे बोलाव, तेही सुनेला विचारून. आल्या आल्या साबणाने हात धुवायचे, मगच बाळाजवळ जायचं. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने फोनवर शुभेच्छा द्याव्यात, मग तो आपला सख्खा भाऊ का असेना. मुके कुणीच घ्यायचे नाहीत. डांग्या खोकला मोठ्या माणसाला साधा खोकला वाटतो, तान्ह्याचा मात्र श्वास कोंडतो. त्यावरच्या लशीचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात. नातीचा तिसरा डोस नेमका नाताळाच्या आसपास येत असेल, तारीख पाहून ठेव आणि सणाच्या गडबडीत तो चुकवू नका.

आणि हे सगळे नकार तुझ्या तोंडून जाऊ देत. सुनेने सांगितलं तर ती शिष्ट ठरते. आजीने दटावलं तर लोक निमूट ऐकतात.

बाळाच्या तोंडात काय घालायचं? काहीही नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. आपल्याकडे कुणीतरी हौसेने केकचं क्रीम बोटावर घेऊन चाटवतं, कुणी मध. मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते सहसा काही करत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात मात्र वाढतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. ‘आम्ही आमच्या सगळ्या पोरांना चाटवला’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नकोस. बाटली उचल आणि वरच्या फळीवर ठेव.

फराळाशिवाय आपला नाताळ होत नाही, मला कळतं. पण तुमच्या त्या सिडकोच्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये आहे एक पडदा. दोन दिवस कढई तापली तर तळणीचा धूर थेट पाळण्यात. चकल्या, शंकरपाळे, अनारसे या वर्षी बचत गटाच्या बायकांकडून घे. करंज्या तेवढ्या घरी कर, मोजक्याच. सारण आदल्या रात्री भाजून ठेव. सकाळी पाऱ्या लाटून, कडेला दुधाचं बोट फिरवून, सारण भरून, कातण्याने कापून ओल्या फडक्याखाली झाकल्यास की तळणी झटपट उरकते. तेवढ्या वेळात मुलाने बायकोला आणि लेकीला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याकाठी फिरवून आणावं. सुनेला घराबाहेरची हवा लागेल, आणि तुला स्वयंपाकघर मोकळं. वाशीच्या मसाला मार्केटमधून सुकामेवा आणशील, त्यातला सुनेच्या डिंकाच्या लाडवांचा वाटा आधी काढ. केकला उरेल ते.

तो लाल मखमली सांताचा ड्रेस परत कर. इथे नगरला पहाटे हुडहुडी भरते. तुमच्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा तिशी गाठतो. विहीणबाईंनी शिवलेलं मऊ सुती अंगडं-टोपडं आहे ना, तेच नातीचे नाताळचे कपडे. साताऱ्याच्या आजीचाही या सणात हात असू दे.

आता नाजूक विषय. ‘नाताळातच बाप्तिस्मा उरकून टाकू’ असं तू म्हणालीस. उरकायची गोष्ट आहे का ती? सून वारकऱ्याच्या घरातली, आणि एकमेकांचं काही मोडायचं नाही असं ठरवून दोघांनी लग्न केलं. टिळकांचं घर आठव. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं त्या स्वतःच्या गतीने चालल्या, म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांची श्रद्धा उसनी वाटत नाही. अशी गोष्ट नाताळाच्या जेवणात, पाहुण्यांसमोर काढू नकोस. मुलगा-सून आपणहून बोलतील तेव्हा बोल. पाळकांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांग.

मग आजीने करायचं काय? गायचं. इंग्रजी कॅरल मॉलमध्येही वाजतात, पण टिळकांची भजनं नातीला तिथे कोण ऐकवणार? ती तुला पाठ आहेत. शिवाय कपाटातलं ‘ख्रिस्तपुराण’ काढ. इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि ख्रिस्तजन्माची कथा ओव्यांत सांगितली. १६१६ साली ते पुराण छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. इथल्या माणसाला ऐकवायचं तर ओवीतच, हे त्या परमुलखातल्या माणसाने ओळखलं होतं. तुझी सून ज्ञानेश्वरीचं पारायण ऐकत वाढली, ओवीची चाल तुझ्यापेक्षा तिच्याच गळ्यात पक्की असेल. तिलाच म्हणायला लाव, तू मागून म्हण. बाप्तिस्म्याच्या चर्चेने जे जमणार नाही, ते याने जमेल.

कॅरलवाल्यांना आठ वाजता बोलाव. दोन गाणी म्हणायची, ड्रम खालीच ठेवायचा. पंचवीसला तू उपासनेला जा. सून झोपली असेल तर उठवू नका, आणि ‘ती का आली नाही’ असं विचारणाऱ्याला उत्तर तू दे. बाळाचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी सुनेची परवानगी घे. मला तिच्याच फोनवरून आले तर जास्त आवडेल.

मी नव्या वर्षात येते. येताना घरचं तूप आणीन. ते सुनेसाठी आहे, करंज्यांवर उडवू नकोस.

सगळ्यांना सलाम, नातीला आशीर्वाद.

तुझी,
ताई