'आधी झोपते, मग पळते' : टर्बो आणि साध्या इंजिनचा पिकअप



नववीला 'गतीचे नियम' शिकवताना जडत्वाचं उदाहरण विचारलं की मुलं ठरलेली उत्तरं देतात. बस एकदम थांबली की आपण पुढे झुकतो, सतरंजी झटकली की धूळ पडते. यंदा एका मुलानं वेगळंच सांगितलं. "सर, आमची जुनी गाडी पाय दिला की लगेच निघायची. आता पप्पांनी टर्बोवाली घेतली. पप्पा म्हणतात, ही आधी झोपते, मग पळते."

वर्ग हसला. पण पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा हे सरस होतं, म्हणून पुढचे दोन तास त्यावरच घेतले.

सुरुवात एका प्रश्नानं केली. ॲक्सिलरेटर दाबला की आपण इंजिनकडे काय मागतो? सगळे म्हणाले, पेट्रोल. प्रत्यक्षात पेट्रोल गाडीत आपण हवा मागतो. पाय दाबला की हवेच्या वाटेतली एक झडप उघडते. हवा आत जाते आणि तिला पुरेल एवढंच पेट्रोल गाडीतला कॉम्प्युटर सोडतो. साधारण 1 ग्रॅम पेट्रोलला 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे ताकद अडते ती हवेपाशी.

मग फळ्यावर गणित मांडलं. 1.2 लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. मिनिटाला 3000 फेरे असतील तर 1500 श्वास, म्हणजे 1800 लिटर हवा. सेकंदाला 30 लिटर, आंघोळीच्या दोन बादल्या! 6000 फेऱ्यांवर चार बादल्या. टर्बो नसलेलं इंजिन (माहितीपत्रकात त्याला 'नॅचरली ॲस्पिरेटेड' म्हणतात, आपण साधं म्हणू) बाहेरच्या हवेच्या दाबावरच भरतं. त्याच्याकडून जास्त ताकद हवी असेल तर जास्त फेरे घ्यायला लावणं हाच मार्ग. म्हणून अशी गाडी ओव्हरटेकला एक गियर खाली घेऊन, आवाज वाढू देत पळवावी लागते.

इथं जालन्याचं हवामानही कामाला आलं. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचावर आहोत, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण 6 टक्के कमी. शिवाय डिसेंबरच्या पहाटेचे 13 अंश आणि मे महिन्याच्या दुपारचे 43 अंश यांची केल्व्हिनमध्ये तुलना केली, तर उन्हाळ्यातली हवा 9 टक्क्यांहून जास्त विरळ निघते. "उन्हाळ्यात गाडी ओढत नाही" या तक्रारीत एसीचा भार आहे, तसा या विरळ हवेचाही वाटा आहे.

टर्बो समजवायला लोहाराचा भाता घेतला. निखारा नुसता ठेवला तर मिळेल तेवढ्या हवेवर जळतो, भाता मारला की पांढरा होतो. टर्बो म्हणजे इंजिनचा भाता, फक्त तो चालवायला वेगळा माणूस नाही. इंजिनमधून बाहेर पडणारा गरम धूरच एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते ताजी हवा दाबून आत ढकलतं. फेकून द्यायच्या धुरातून काम करून घेण्याची ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची, त्याचं पेटंट 1905 चं. छोट्या गाडीतलं हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर, कधी दोन लाख फेरेही घेतं.

मुलांना हे सगळं परदेशातलं वाटतं. म्हणून सांगितलं की संभाजीनगरला जाताना शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना लागतो, तिथं 2001 पासून ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. तिचंच आरएस हे रूप 2004 मध्ये आलं, 1.8 लिटर टर्बो पेट्रोलचं. भारतातली पहिली टर्बो पेट्रोल कार म्हणून ते ओळखलं जातं. डिझेलमध्ये टर्बो आपल्याकडे त्याआधीच रुळला होता. मात्र काळी-पिवळी म्हणून धावलेल्या जुन्या कमांडर जीपचं डिझेल इंजिन टर्बोविनाच होतं. तिचा आवाज पालकांच्या कानात अजून असेल.

आता पाय दिल्यावर नेमका फरक काय जाणवतो ते बघू. त्यासाठी पुण्यात बनणारी टाटा अल्ट्रोझ सोयीची. एकाच गाडीत 1199 सीसीचं, तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन साधंही आलं आणि 2021 मध्ये टर्बोसहही. कंपनीचे तेव्हाचे आकडे असे: साध्याची ओढ (टॉर्क) जास्तीत जास्त 113 न्यूटन-मीटर, तीही 3300 फेऱ्यांवर, शक्ती 86 पीएस, 6000 फेऱ्यांवर. टर्बोची ओढ 140, आणि ती 1500 पासून 5500 पर्यंत सपाट. शक्ती 110 पीएस, 5500 वर.

मुलांनी आलेख काढले. साध्याची रेघ टेकडीसारखी, हळूहळू चढून उतरणारी. 86 पीएसवरून उलटं गणित केलं तर 6000 फेऱ्यांवर तिची ओढ 101 च्या आसपास उरते. म्हणजे माथ्यापासून ती फारशी घसरत नाही आणि फेरे वाढतील तशी शक्ती वाढत राहते. इंजिन वरच्या फेऱ्यांत "अजून दे, अजून दे" म्हणतंय असं वाटतं ते यामुळे. टर्बोची रेघ मात्र पाटासारखी सपाट. खालीच भरपूर जोर मिळतो आणि 5500 नंतर छोटा टर्बो पुरेशी हवा ढकलू शकत नाही. तिथं गाडी नुसती ओरडते. टर्बोवाल्यानं गियर आधीच वर टाकावा, ताणण्यात काही मिळत नाही. आवाजही वेगळा. धुराचे ठोके चक्रातून जाताना दबतात, म्हणून टर्बोचा आवाज जरा गुदमरलेला.

एका मुलीनं इथं बरोबर अडवलं. "सर, 1500 पासूनच 140 मिळते तर मग ती झोपते कशी?"

हाच प्रश्न मला हवा होता. हे आकडे पाय पूर्ण दाबून, इंजिन त्या फेऱ्यांवर स्थिर ठेवून मोजलेले असतात. आलेखावर फेरे आहेत, ओढ आहे, पण वेळ कुठेच नाही. साध्या इंजिनमध्ये झडप उघडली की हवा जवळजवळ लगेच आत असते. टर्बोत मात्र आधी थोडा जाळ वाढणार, मग धूर वाढणार, मग चक्राचं जडत्व मोडणार, मग दाब वाढणार आणि मग चाकांना जोर मिळणार. खालच्या फेऱ्यांवर यात अर्धा सेकंद, कधी सेकंद जातो. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

एवढ्याशा सेकंदाचं काय? मागच्या गळीत हंगामात अंबड रस्त्यावर मी एका सहकाऱ्याची टर्बो गाडी चालवत होतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मी वरच्या गियरमध्ये, फेरे कमी. जागा दिसली म्हणून माझ्या जुन्या गाडीच्या सवयीनं बाहेर काढली आणि पाय दिला. काहीच झालं नाही. समोरून टेम्पो येत होता. जोर आला तोपर्यंत मी ब्रेक दाबून परत ट्रॉलीमागे आलो होतो. चूक गाडीची नव्हती, गियर खाली न घेणाऱ्या माझी होती. वर्गात तेच गणित करून घेतलं. आपण ताशी 60 ने, समोरचा 80 ने, म्हणजे अंतर सेकंदाला सुमारे 39 मीटरनं आटतं. वर्ग एकदम शांत झाला.

पालकांना म्हणून एवढंच सांगेन: साध्या इंजिनवरून टर्बोवर आला असाल तर ओव्हरटेकआधी, ट्रॉलीच्या मागे असतानाच गियर खाली घ्या आणि फेरे 2000 च्या वर आणा, मगच बाहेर काढा. टर्बोवरून साध्यावर आलात तर गाडी ओरडू द्या, तिला काही होत नाही.

शिक्षकांसाठी प्रयोग. जाड पुठ्ठ्याचं मोठं आणि पातळ कागदाचं छोटं अशी दोन भिरभिरी करा. दोघांवर सारखीच फुंकर मारा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. आमच्याकडे छोटं लगेच फिरलं, मोठ्यानं वेळ घेतला, पण फुंकर थांबल्यावर तेच जास्त वेळ फिरत राहिलं. छोट्या गाड्यांना छोटा टर्बो का बसवतात, हे मग सांगावं लागलं नाही.

तास संपताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, इलेक्ट्रिक गाडीला टर्बो का नसतो?" मी काही बोलायच्या आत पहिला मुलगाच म्हणाला, "तिला जाळायला हवाच लागत नाही ना!"