एका नकाराची किंमत : फ्रान्स आणि गिनी

वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासिकेत मुलांना आफ्रिकेचा नकाशा समजावून सांगत असता नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, फ्रान्सच्या ताब्यातले इतके देश १९६० साली एकदम स्वतंत्र झाले, मग हा गिनी दोन वर्षे आधीच कसा?" त्या वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढच्या प्रकरणाकडे वळलो. ते उत्तर अपुरे होते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पूर्ण करण्याचा हा प्रयत्न आहे.

१९५८ साली अल्जीरियातील युद्धाने फ्रान्सचे राजकारण पार ढवळून निघाले आणि जनरल शार्ल द गॉल पुन्हा सत्तेवर आले. त्यांनी नवी राज्यघटना तयार करविली व ती फ्रान्सबरोबरच वसाहतींतील जनतेपुढेही सार्वमतासाठी ठेवली. 'होय' म्हणणाऱ्या वसाहतीला फ्रेंच राष्ट्रसमूहात अंतर्गत स्वायत्तता मिळणार होती. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि चलन मात्र पॅरिसच्याच हाती राहणार होते. 'नाही' म्हणणाऱ्याला तत्काळ स्वातंत्र्य मिळणार होते, पण त्याबरोबर फ्रान्सची सर्व मदतही थांबणार होती. कागदावर ही निवड खुली होती. परंतु ज्या प्रदेशात डॉक्टर, अभियंता, शिक्षक आणि खजिनदार हे सारेच परक्या सत्तेचे नोकर होते, तेथे त्या दुसऱ्या पर्यायाचा अर्थ काय होतो हे न समजण्याइतके पॅरिसमधील धुरीण भोळे नव्हते.

गिनीचे नेतृत्व त्या वेळी सेकू तुरे यांच्याकडे होते. टपाल खात्यात नोकरी करीत कामगार चळवळीत वर आलेला हा माणूस. १९५३ साली नव्या कामगार कायद्यानुसार वेतनवाढ मिळावी म्हणून गिनीत दोन महिन्यांहून अधिक काळ संप चालला. त्या संपाने तुरे यांना नेता केले. मात्र सारे श्रेय एकट्या तुरे यांना देण्याची आपली सवय येथेही आड येते. बाजारातील विक्रेत्या स्त्रिया, तरुणांच्या व विद्यार्थ्यांच्या संघटना आणि कामगार संघ यांचा दबाव पक्षावर सतत होता. स्वतः तुरे ऑगस्टपर्यंत समानतेच्या अटीवर फ्रान्सबरोबर राहण्याचा मार्ग शोधीत होते. नकाराचा निर्णय पक्षाच्या परिषदेत १४ सप्टेंबरला, म्हणजे मतदानाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, झाला.

२५ ऑगस्ट १९५८ रोजी द गॉल कोनाक्रीला आले. सभागृहात तुरे यांनी त्यांच्यासमोरच सांगितले, की दास्यातील समृद्धीपेक्षा आम्हाला स्वातंत्र्यातील दारिद्र्य अधिक प्रिय आहे. द गॉल यांनी उत्तर दिले : गिनीला स्वातंत्र्य हवे असेल तर २८ सप्टेंबरला ते घ्यावे, फ्रान्स आडवा येणार नाही, मात्र परिणाम भोगावे लागतील. अपमानित झालेले जनरल आपली टोपी तेथेच विसरून गेले, असेही सांगतात.

२८ सप्टेंबरला गिनीत ११ लाखांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटले, तर 'होय' म्हणणारे साठ हजारही नव्हते. आफ्रिकेतील इतर सर्व फ्रेंच वसाहतींचा कौल 'होय' असा लागला. २ ऑक्टोबर १९५८ रोजी गिनी स्वतंत्र झाला आणि 'परिणाम' या शब्दाचा अर्थ उलगडू लागला. काही आठवड्यांतच फ्रेंच अधिकारी, तंत्रज्ञ, डॉक्टर व शिक्षक यांपैकी बहुतेक जण परतले. जाताना कार्यालयातील दप्तरे नष्ट केली गेली, सामान हलविले गेले, दूरध्वनीची यंत्रे काढून नेण्यात आली. यातील काही कथांना पुढे तिखटमीठ लागले असेल. पण माघार हेतुपुरस्सर आणि सूडबुद्धीची होती, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. गिनीचे हाल पाहून शेजाऱ्यांनी धडा घ्यावा, हेच त्या धोरणाचे मर्म होते. हाच फ्रान्स चार वर्षांपूर्वी, १९५४ साली, पुदुच्चेरीतून वाटाघाटीने बाहेर पडला होता. तेथे समोर स्वतंत्र भारत उभा होता. गिनीच्या पाठीशी असे कोणी नव्हते.

शाळेच्या स्मरणिकेत लिहीत असल्याने एका गोष्टीपाशी जरा थांबतो. वर्गांत शिक्षक नाहीत, ही बातमी आफ्रिकेत पसरली तेव्हा अनेक सुशिक्षित आफ्रिकी तरुण आपापल्या नोकऱ्या सोडून गिनीत शिकवायला गेले. आजच्या बुर्किना फासोचे इतिहासकार जोसेफ की-झेर्बो हे त्यांतले एक. सेनेगली वंशाचे तरुण कवी डेव्हिड दियोप किंडिया येथे शिकवू लागले. १९६० साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा ते जेमतेम तेहेतीस वर्षांचे होते. काही फ्रेंच माणसेही आपल्या सरकारचा रोष पत्करून गेली. भूगोलज्ञ व इतिहासकार झाँ सुरे-कनाल हे त्यांपैकीच. ज्या शाळा बंद पडाव्यात अशी एका मोठ्या सत्तेची इच्छा होती, त्या शाळा परक्या मुलखातून आलेल्या या माणसांनी चालविल्या. फ्रान्सच्या धोरणाचा हा पहिला पराभव होता, असे मी मानतो. आणि तो राजनयाच्या ग्रंथांत सहसा नोंदलेला नसतो.

राजनैतिक पातळीवर फ्रान्सने गिनीला एकटे पाडण्याची शिकस्त केली. संयुक्त राष्ट्रांत डिसेंबर १९५८ मध्ये गिनीला प्रवेश मिळाला, तेव्हा सुरक्षा परिषदेत फ्रान्स तटस्थ राहिला. घानाचे एन्क्रुमा यांनी एक कोटी पौंडांचे कर्ज जाहीर केले. पाश्चात्त्यांनी हात आखडता घेतल्यावर गिनी सोव्हिएत गटाकडे वळला आणि तो 'कम्युनिस्ट' झाल्याची ओरड मग पॅरिसमधूनच सुरू झाली.

१ मार्च १९६० रोजी गिनीने फ्रँक क्षेत्र सोडून स्वतःचे चलन सुरू केले. घाव वर्मी बसला होता. फ्रेंच गुप्तचर विभागाने गिनीच्या खोट्या नोटा मोठ्या प्रमाणावर छापून देशात सोडल्या. या मोहिमेला एका धुण्याच्या पावडरीचे नाव दिलेले होते. नव्या चलनावरचा विश्वास उडावा, हा उद्देश. याच विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे आपल्या आठवणींत या उद्योगांची कबुली दिली आहे.

गंमत अशी, की या सगळ्या काळात फ्रिया येथील कारखाना चालूच राहिला. गिनीच्या भूमीत बॉक्साइटचे जगातील फार मोठे साठे आहेत. फ्रान्सच्या पेशिने कंपनीचा प्रमुख सहभाग असलेला तेथील अॅल्युमिना कारखाना, आफ्रिकेतील पहिला, १९६० साली सुरू झाला. शिक्षक परत गेले, खाण राहिली.

त्याच वर्षी फ्रान्सच्या अखत्यारीतील चौदा आफ्रिकी देश स्वतंत्र झाले. म्हणजे ज्या मागणीसाठी गिनीला शिक्षा झाली, ती दोन वर्षांच्या आत इतरांना देण्यात आली. फरक होता तो करारांचा. बहुतेक देशांनी संरक्षण, चलन व कच्चा माल यांविषयी फ्रान्सशी सहकार्याचे करार केले. सीएफए फ्रँकचा दर फ्रेंच फ्रँकशी बांधलेला होता आणि त्या देशांची परकीय गंगाजळी पॅरिसच्या सरकारी खजिन्यात ठेवावी लागे. जानेवारी १९९४ मध्ये या चलनाचे मूल्य एका रात्रीत निम्मे झाले, तेव्हा डाकारच्या गृहिणीला त्या बांधणीचा अर्थ तांदळाच्या भावातून कळला. गिनीचा नकार वेडेपणाचा होता असे म्हणणाऱ्यांनी हाही हिशेब मांडला पाहिजे.

परंतु दुसरी बाजू झाकून ठेवली, तर हा अभ्यास राहणार नाही, प्रचार होईल. कट खरेच होते. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगालच्या सैनिकांनी समुद्रमार्गे कोनाक्रीवर हल्ला केला. गोव्यातून नऊ वर्षांपूर्वी हुसकावलेली हीच ती राजवट. पण तुरे यांना खऱ्या कटांबरोबर खोटेही दिसू लागले. राजधानीतील बोइरो छावणीत हजारो माणसे कोंडली गेली आणि त्यांतील कितीतरी परतली नाहीत. संयुक्त राष्ट्रांत नवजात गिनीचा आवाज बनलेले आणि पुढे आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस झालेले टेली डियालो यांचा १९७७ साली त्याच छावणीत अन्नपाण्यावाचून अंत झाला. लाखो लोक देश सोडून गेले. पॅरिसच्या कारवायांनी तुरे यांच्या संशयाला खतपाणी घातले हे खरे. तरीही कोठडीची किल्ली त्यांच्याच हाती होती. या अत्याचारांचा दोष फ्रान्सच्या माथी मारून तुरे यांना मोकळे सोडणे मला मान्य नाही.

१९६५ साली तुटलेले राजनैतिक संबंध १९७५ मध्ये पुन्हा जुळले. डिसेंबर १९७८ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ कोनाक्रीला आले, तेव्हा त्यांचे भव्य स्वागत झाले. बोइरो छावणी त्या दिवशीही चालू होती आणि पाहुण्यांच्या दृष्टीने तो गिनीचा अंतर्गत प्रश्न होता. मार्च १९८४ मध्ये तुरे अमेरिकेतील एका रुग्णालयात वारले. आठवडाभराने लष्कराने सत्ता घेतली. छावणीचे दरवाजे उघडले आणि जिवंत उरलेले कैदी बाहेर आले. १९५८ साली 'नाही' असे मत टाकणारेही त्यांत होते.