मास्क लावल्यावरचा घाम

ओंकार,

विमानातला माल सांभाळणारा लोडमास्टर म्हणून तू आता उंचावरून छत्रीउड्या घेणाऱ्यांच्या विमानात जाणार, हे ताईने फोनवर सांगितलं. अभिमान वाटला आणि लगेच पत्र लिहायला बसलो. हवाई दलात वैद्यकीय विभागात काढलेल्या वर्षांनी जे शिकवलं, ते तुला आधीच कळायला हवं.

लडाखमध्ये 6,000 मीटरवर चढून आलास, म्हणून उंचीची सवय आहे असं समजू नकोस. तिथे तुला दिवस लागले. चढता चढता अंगातला जादा नायट्रोजन श्वासावाटे हळूहळू निघून गेला. विमानाचा मागचा दरवाजा उघडायच्या आधी केबिनमधला दाब काही मिनिटांत उतरवतात. 18,000 फुटांवर तो जमिनीवरच्या दाबाच्या निम्मा असतो, 30,000 फुटांवर जेमतेम तीन दशांश. नायट्रोजनला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि रक्तात, सांध्यांत त्याचे बुडबुडे धरतात. रॉबर्ट बॉइलने 1670 मध्ये निर्वात भांड्यात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात असाच बुडबुडा पाहिला होता. डोंगरावरचं डोकं दुखणं प्राणवायू कमी पडल्याने असतं, हे बुडबुड्यांचं दुखणं दाब उतरल्याने. मास्कमधून प्राणवायू पुरेपूर मिळत असतानाही ते होतं.

आता तुझ्या कामाचं. उडी मारणारे जवान वेळ येईपर्यंत बसून असतात. तू मात्र सामान सरकवणार, पट्टे ओढणार, वाकणार, उठणार. धोका तुला अधिक आहे. बोटं मोडताना 'कट' आवाज येतो ना, तेव्हा सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. राबणाऱ्या गुडघ्यात आणि खांद्यात अशी बीजं सतत पडत असतात आणि विरळ दाबात ती फुगतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच, आतला दाब उतरवता येणाऱ्या दाबकक्षात उठाबशा काढायला लावून हे तपासलं गेलं होतं. तुझी कमावलेली तब्येत तिथे ढाल होत नाही.

पण तेच कष्ट उड्डाणाआधी जमिनीवर, नायट्रोजन काढून टाकण्यासाठी मास्कमधून शुद्ध प्राणवायू घेताना केले, तर उपकारक ठरतात. स्नायूंकडे रक्त जोराने धावतं आणि नायट्रोजन लवकर वाहून नेतं. अवकाश स्थानकावर 2001 पासून अंतराळवीर बाहेर पडण्याआधी मास्क लावून सायकल मारत, ते याचसाठी. मला हे फार सुंदर वाटतं. मात्र असा व्यायाम तुझ्या डॉक्टरांनी ठरवून दिला तरच कर. मास्क लावलास की पाणी प्यायला किंवा कुणाशी बोलायलाही काढू नकोस. बाहेरची हवा घेतलीस की गेलेला नायट्रोजन परत शिरू लागतो. वर गेल्यावर जड काम दोघांत वाटून घे, घाई करू नकोस. उतरल्यावर त्या दिवशी धावायला जाऊ नकोस. आणि सुट्टीत मालवणला स्कूबा केलंस, तर पुढचे 24 तास विमानात चढू नकोस.

मी तरुणपणी दाबकक्षातून बाहेर आल्यावर गुडघ्यातली कळ लपवली होती. उड्डाणातून नाव कटेल ही भीती होती. जमिनीइतका दाब परत आल्यावर कळ थांबली होती, पण रात्री दुप्पट होऊन परतली. पुन्हा दाबाखाली नेऊन प्राणवायू द्यावा लागला. मी वाचलो, कारण बुडबुडा सांध्यातच होता. मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात असता, तर आज हे पत्र लिहायला हात चालला नसता.

म्हणून सांगतो, बाळा, खाली येताच दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी फ्लाइट सर्जनला, म्हणजे तुमच्या उड्डाण-डॉक्टरला, सांग. नाव कटेल याची चिंता करू नकोस. मला रात्री दोन वाजता फोन केलास तरी चालेल.

तुझा,
मामा