मेट्टूरचं पाणी बघा, मग तंजावरला गळ टाका

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराचं मंदिर बघतो, तिथल्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास वाचतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो आणि परततो. ज्याच्या सामानात गळ आणि काठी असते, त्याने मात्र आणखी दोन दिवस हाताशी ठेवावेत. फक्त ते दोन दिवस नेमके निवडावे लागतात. या भागात मासेमारीचा हंगाम डोक्यावरच्या पावसापेक्षा वरच्या अंगाला, मेट्टूर धरणाच्या दरवाजांवर ठरतो. म्हणून आधी धरणाची पातळी बघा आणि मगच तिकीट काढा.

पाण्याचं वेळापत्रक

मेट्टूर धरण 1934 साली पुरं झालं. त्याची पूर्ण पातळी 120 फूट आणि साठा 93.47 टीएमसी आहे. रिवाजाप्रमाणे 12 जूनला तंजावरच्या शेतीसाठी पाणी सुटतं आणि 28 जानेवारीला बंद होतं. पण रिवाज दरवर्षी पाळला जातोच असं नाही. 2022 मध्ये पाणी 24 मे रोजीच सुटलं, तर 2024 मध्ये थेट 28 जुलैला. पातळीचे आणि विसर्गाचे आकडे रोज जाहीर होतात. धरणातून सुटलेलं पाणी कल्लणैला पोचायला साधारण तीन-चार दिवस लागतात, हा हिशेबही लक्षात ठेवा.

कल्लणै हा करिकाल चोळ राजाने बांधलेला मानला जाणारा प्राचीन बंधारा. इथे पाण्याच्या चार वाटा होतात: कावेरी, वेण्णार, कल्लणै कालवा आणि कोळ्ळिडम. पहिल्या तिन्ही वाटांनी शेतीचं पाणी मोजून सोडतात. पुराचं जादा पाणी कोळ्ळिडममध्ये जातं. त्यामुळे कावेरी आणि वेण्णारचा अंदाज बांधता येतो, कोळ्ळिडम मात्र बघता बघता फुगते.

कधी जावं

*जून-जुलै:* कोरड्या वाळूवरून येणारं पहिलं पाणी गढूळ असतं आणि सोबत केरकचरा आणतं. अनेक माशांचा हा विणीचा काळ. गळ घरी ठेवा, नदी बघून या.

*ऑगस्ट-सप्टेंबर:* 2 किंवा 3 ऑगस्टच्या सुमारास आडिपेरुक्कु येतं आणि कावेरीची पूजा करायला घाटांवर रीघ लागते. ते दिवस टाळा. प्रवाह स्थिरावला आणि गढूळपणा उतरला, की ऑगस्टअखेरीपासून गळाला चांगले दिवस येतात.

*ऑक्टोबर ते डिसेंबरचा मध्य:* आपल्याकडे पाऊस परतला की इथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. वादळांचाही हाच काळ. नोव्हेंबर 2018 च्या ‘गज’ चक्रीवादळाने हा सगळा पट्टा झोडपला होता. बेत आखू नका.

*डिसेंबरअखेर ते जानेवारी:* सर्वांत उत्तम. हवा सौम्य, पाणी निवळलेलं आणि प्रवाह अजून वाहता. तिरुवैयारूला त्यागराज आराधना बहुधा याच काळात असते, म्हणून राहायची सोय आधी करा.

*फेब्रुवारी ते मे:* पात्रात वाळू आणि अधूनमधून डोह.

काय लागतं गळाला

सॅमन आणि स्टीलहेड समुद्रातून नदीत चढून अंडी घालतात. कावेरीत तसा मासा म्हणजे हिलसा, तमिळमध्ये उल्लम. पुराबरोबर तो वर चढायचा. आधी कोळ्ळिडमवरचा अणैक्करैचा बंधारा आणि नंतर मेट्टूर, अशा आडव्या भिंतींनी त्याची वाट तुटली. ट्राउटला थंड पाणी लागतं, त्यासाठी निलगिरीत अवलांचीकडे जावं लागेल. तिथला रेनबो ट्राउट हा स्टीलहेडच्याच जातीचा, फक्त समुद्राकडे न जाणारा.

तंजावरच्या पाण्यात खरी मजा मरळची. इथे त्याला विराल म्हणतात. तो लव्हाळ्यात, संथ कालव्यात आणि तळ्यांच्या काठाला असतो. छोटी बेडकी किंवा जिवंत लहान मासा त्याला आवडतो. शिंगटी, म्हणजे इथली केळुत्ती, गांडुळावर येते आणि संध्याकाळनंतर जास्त. गळ सोडवताना तिच्या काट्यांपासून बोटं जपा. रोहू-मृगळसाठी कणकेची गोळी पुरते. चिलापी (इथे जिलेबी) कुठेही लागते. ती मुळात परकी, 1952 मध्ये देशात आणलेली, तेव्हा हवी तेवढी ठेवा.

काठाजवळ पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा पुंजका वर-खाली होताना दिसला, तर थांबा. ती मरळची पिल्लं आहेत. दर थोड्या वेळाने ती हवा घ्यायला वर येतात आणि खाली आई-बाप पहाऱ्यावर असतात. त्या वेळी मरळ कशावरही झेपावतो, म्हणून तो पकडणं सोपं असतं. पण तो गेला की सगळा पुंजका दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. तिथे गळ टाकू नये.

कुठे आणि कसं

कल्लणै तंजावरपासून सुमारे 45 किलोमीटरवर आहे, तिरुचिरापल्लीहून त्याहून जवळ. बंधाऱ्यावर आणि दरवाजांच्या खाली गळ टाकू नका, पाण्याची ओढ जीवघेणी आहे. तिरुवैयारू 13 किलोमीटरवर. तिथून आजूबाजूचे कालवे पायी हिंडण्यासारखे आहेत. कुंभकोणमच्या पुढे अणैक्करैला कोळ्ळिडममध्ये मगरी आहेत, त्यामुळे तिथे पाण्यात पाय घालू नका. समुद्रच बघायचा असेल तर दुसऱ्या सरफोजी राजांनी बांधलेला मनोरा गाठा. समोरच्या पाल्कच्या उपसागरात 2022 पासून समुद्रगाईंसाठी राखीव क्षेत्र आहे.

तळी आणि नदीचे काही पट्टे ठेक्याने दिलेले असतात, म्हणून जिल्ह्याच्या मत्स्य विभागात आधी विचारा. काठावरच्या मच्छीमाराला “अण्णा, तण्णी वंदाच्चा?” (पाणी आलं का?) एवढं विचारलं, तरी बरीच माहिती मिळते. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तसं दिसलं तर पोलिसांना कळवा.

आणि उन्हाळ्यात गेलात, तर डोहांना हात लावू नका. आटत्या पाण्यात मासे दाटीने असतात, तासाभरात पिशवी भरेल. पण दरवाजे उघडल्यावर हेच मासे पुढच्या हंगामाचं बियाणं होतात. बियाणं खाल्लं, तर पुढच्या जानेवारीत काठी घेऊन यायचं कशासाठी?