गाभण मेंढीचा आहार आणि गर्भाची वाढ

जन्माच्या वेळचे वजन हे कोकराचे पहिले भांडवल होय. हलक्या कोकराच्या अंगी ऊब निर्माण करणाऱ्या मेदाचा साठा अल्प असतो. ते लवकर गारठते, उठून आचळ शोधण्याचे बळ त्याच्यात राहत नाही आणि पहिल्या काही दिवसांतच ते दगावण्याचा संभव असतो. हे वजन आईच्या आहारावर अवलंबून असते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु आहार कोणत्या महिन्यात मिळाला, यालाही तितकेच महत्त्व असते. हे समजण्यासाठी आई व गर्भ यांना जोडणाऱ्या अवयवाची ओळख करून घेतली पाहिजे. शास्त्रीय परिभाषेत त्यास ‘अपरा’ म्हणतात. व्यवहारात आपण त्यास ‘वार’ किंवा ‘जार’ म्हणतो.

अपरेची रचना

मेंढीच्या गर्भाशयाच्या आतील बाजूस बटणांसारखे उंचवटे असतात. त्यांची संख्या साधारणतः 70 ते 100 असते. गर्भाच्या आवरणावरील अंकुर या उंचवट्यांत मुळांप्रमाणे शिरतात व दोहोंच्या संयोगातून अपरा घडते. आईचे रक्त व गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पातळ पडदा ठेवून ती शेजारी शेजारी वाहतात. प्राणवायू, ग्लुकोज व अ‍ॅमिनो आम्ले या पडद्यातून गर्भाकडे जातात आणि त्याज्य द्रव्ये उलट दिशेने आईच्या रक्तात येतात.

वाढीचे वेळापत्रक

मेंढीचा गर्भकाल सुमारे 147 दिवसांचा असतो. अपरेचे वजन 75 ते 90 दिवसांच्या सुमारास पूर्णत्वास पोहोचते. त्यानंतर तिच्यातील रक्तप्रवाह वाढत जातो, पण तिचे वजन फारसे वाढत नाही. गर्भाचे याच्या उलट असते. जन्माच्या वेळच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग तो शेवटच्या सहा आठवड्यांत मिळवतो. म्हणजे कोठाराचे दार आधी बांधले जाते आणि धान्याची मोठी उचल नंतर होते. दार अरुंद राहिले, तर कोठार भरलेले असूनही उपयोग मर्यादितच होतो.

दख्खनच्या पठारावरील ऋतुमानाशी हा हिशेब जुळवून पाहावा. समजा, एखादी मेंढी फाल्गुनाच्या आरंभी गाभण राहिली. तिची अपरा चैत्र-वैशाखात, म्हणजे माळ करपलेले असताना वाढेल. गर्भाची मुख्य वाढ ज्येष्ठ-आषाढात होईल. तेव्हा पाऊस पडून गवत उगवू लागलेले असेल. परंतु वैशाखातील उपासमारीने अपरा खुरटली असल्यास आषाढातील हिरवा चारा ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही. मेंढी मुळात धष्टपुष्ट असेल, तर मधल्या काळातील थोड्या टंचाईस तोंड देताना अपरा उलट विस्तारतेही. अंगावर मांस नसलेल्या मेंढीकडून मात्र तशी अपेक्षा करता येत नाही.

अति आहाराचा परिणाम

मग भरपूर खाऊ घालणे हाच उपाय काय? स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथील रोवेट संस्थेत जॅकलिन वॉलेस व त्यांचे सहकारी यांनी 1990 नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांचे उत्तर वेगळे आहे. वाढीच्या वयात गाभण राहिलेल्या मेंढ्यांना त्यांनी पोटभर सकस खुराक दिला. मेंढ्या लठ्ठ झाल्या, पण त्यांची अपरा लहान राहिली आणि कोकरे हलकी व बहुधा अकाली जन्मली. कोवळ्या वयाच्या मेंढीचे शरीर अन्न प्रथम स्वतःच्या वाढीकडे वळवते, हे त्यातून दिसून आले.

जुळी कोकरे

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे 1968 साली स्थापन झालेल्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीचा बहुप्रसव जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. या मेंढ्यांना पुष्कळदा जुळे होते. परंतु गर्भ दोन झाले तरी गर्भाशयातील उंचवटे वाढत नाहीत. तेवढेच दोघांत वाटले जातात. म्हणून जुळ्यांतील प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा हलके असते. अखेरच्या आठवड्यांत खुराक अपुरा पडल्यास मेंढी स्वतःची चरबी जाळू लागते व तिच्या रक्तात विषारी द्रव्ये साठून तिचाही जीव धोक्यात येतो. उत्तम वाणास उत्तम आहाराची जोड हवी, ती यासाठीच.

क्षारांचे महत्त्व

चाऱ्याच्या राशीइतकाच त्यातील घटकांचाही विचार करावा लागतो. गाभण मेंढीस तांबे कमी पडले, तर कोकराच्या मज्जातंतूंची आवरणे नीट घडत नाहीत आणि ते मागील पायांनी लुळे जन्मते. जमिनीत जो क्षार कमी, तो चाऱ्यातही कमी. आणि जमीन तर जिल्ह्याजिल्ह्यास बदलते. बंगळूर येथे 1995 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने प्रदेशपरत्वे निरनिराळी क्षारमिश्रणे सुचविली आहेत, त्यामागे हेच तत्त्व आहे.

सारांश, पूर्ण वाढ झालेली व अंगाने भरलेली मेंढीच फळू द्यावी. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यांत तिची उपासमार होऊ देऊ नये. शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक वाढवावा, आणि पोटी जुळे असल्यास तो आणखी वाढवावा. पोट दिसू लागल्यावर मेंढीची काळजी घेण्याची आपली रीत आहे. अपरेची घडण मात्र पोट दिसण्याच्या आधीच बव्हंशी पूर्ण झालेली असते.