शनिवार, रविवार आणि रोजनिशी

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं केव्हां ना केव्हां रोजनिशी लिहिण्यास आरंभ केलेला असतो. वर्षाच्या पहिल्या दिवशीं कोरी वही येते, पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत नांव व इयत्ता लिहिली जाते, आणि संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोंच ती वही कपाटाच्या तळाशीं जाऊन बसते. कारण विचारलें असतां उत्तर ठरलेलें : "लिहिण्यासारखें कांहीं घडतच नाहीं." ज्यांनीं आपखुशीनें आपल्या वह्या आम्हांस दाखविल्या, त्यांच्या शनिवार-रविवारच्या पानांवर तर बहुधा एकच ओळ आढळली : "सुटी. विशेष कांहीं नाहीं." आमचें म्हणणें असें आहे कीं, आठवड्यांतील लिहिण्याजोगे दिवस हेच दोन, आणि आपली श्रद्धा खरी किती व उसनी किती हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें तर हीं दोन पानें कधींच कोरीं सोडूं नयेत.

प्रथम शनिवार घेऊं. शाळा सकाळची, दुपारच्या आंत मुलें मोकळीं होतात. घरीं जातांना बोरी नदीच्या पात्रांत पाणी आहे कीं नुसती वाळू आहे, हें दिसतें. सुरत-भुसावळ मार्गावरील गाडीची शीटी ऐकूं येते. हंगाम असला तर कपाशीनें भरलेल्या गाड्या रस्त्यानें जात असतात. घरीं कळण्याची भाकरी व ठेचा. हिवाळ्यांत शेतावर कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगीं भाजून भरीत होतें, व त्याचा वास पंक्तीच्या आधींच सर्वांस बोलावून आणतो. मग सायंकाळीं रविवारची तयारी : कपडे धुणें, त्यांची घडी घालून उशाखालीं ठेवणें, पाणी भरणें, धाकट्या भावंडांच्या केंसांस तेल लावणें. यांतील कोणतें काम आपण केलें, कोणतें दुसऱ्यानें आपल्यासाठीं केलें आणि कोणतें आपण टाळलें, एवढें लिहिलें तरी पान भरतें.

रविवारचें पान याहून कठीण. ख्रिस्ती घरांतील मुलगा लिहितो : "देवळांत गेलों. उपदेश ऐकला. प्रार्थना केली." यांत खोटें कांहीं नाहीं, परंतु यांत तोही नाहीं. हेंच वाक्य त्याच्या शेजारीं बसलेल्या कोणाच्याही वहींत चालेल. उपदेशांतील कोणता शब्द लक्षांत राहिला? मन कोठें भटकलें? अर्पणाच्या थैलींत नाणें टाकतांना हात क्षणभर थबकला काय? सॅम्युएल पेपिस नांवाच्या लंडनमधील नौदल-खात्याच्या अधिकाऱ्यानें १६६० ते १६६९ या काळांत लघुलिपींत रोजनिशी लिहिली. ती आज जगप्रसिद्ध आहे. लंडनची प्लेगची सांथ व मोठी आग त्यानें डोळ्यांनीं पाहून तींत नोंदली. पण उपदेश चालू असतां आपणांस डुलकी लागली, हेंही त्यानें लपविलें नाहीं. (आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतून सत्य लिहिण्याचा धडा घ्यावा, डुलकी घेण्याचा नव्हे.)

याहून फार जुनें उदाहरण संत ऑगस्टिन यांचें. इ. स. ४०० च्या सुमारास त्यांनीं आपलें आत्मनिवेदन लिहिलें, त्या वेळीं ते उत्तर आफ्रिकेंत बिशप होते. त्या ग्रंथांत त्यांनीं आपल्या सोळाव्या वर्षींची एक गोष्ट दिली आहे. रात्रीं सोबत्यांबरोबर जाऊन त्यांनीं एका झाडाचीं नासपतीचीं फळें चोरलीं. भूक नव्हती, घरीं याहून चांगलीं फळें होतीं, चोरलेलीं बहुतेक फळें त्यांनीं डुकरांपुढें टाकलीं. मग चोरी कां केली? या एका प्रश्नासाठीं त्या विद्वान पुरुषानें पानेंच्या पानें खर्चिलीं आहेत. मोठ्या पापाची कबुली देणें एका परीनें सोपें असतें, कारण त्यांत ऐट असते. फळांची चोरी आठवून लाजणें अवघड.

आपल्या मराठींत या मार्गानें जाणारे ग्रंथ थोडे नाहींत. बाबा पदमनजी यांचें "अरुणोदय" हें त्यांपैकींच एक. परंतु आम्हांस येथें विशेष सांगावयाचें आहे तें लक्ष्मीबाई टिळक यांच्याविषयीं. शाळेचें शिक्षण त्यांस मिळालें नाहीं. लिहिणें-वाचणें त्या पतीपाशीं शिकल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचें मन त्या वेळीं त्याविरुद्ध होतें. त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० सालीं. मधल्या पांच वर्षांत त्यांच्या मनांत काय चाललें होतें, हें "स्मृतिचित्रे" या ग्रंथांत वाचावयास मिळतें. त्यांत मोठे वादविवाद फारसे नाहींत. वेगळी चूल, वेगळें पाणी, कोणाच्या हातचें घ्यावें व कोणाच्या हातचें घेऊं नये, यांचा रोजचा घोर आहे. आणि माणसांतील हे भेद देवानें केले कीं माणसांनीं, हा प्रश्न याच पाण्याच्या भांड्यापाशीं त्यांच्या मनांत वाढत गेला आहे. शिवाय नवराबायकोचीं भांडणें आहेत, फजिती आहे, आणि स्वतःवर हंसणें तर पदोपदीं आहे. १९३४ पासून या ग्रंथाचे भाग निघूं लागले व १९३६ सालीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. "लिहिण्यासारखें कांहीं घडत नाहीं" म्हणणाऱ्यांनीं तो ग्रंथ उघडून पाहावा. घरांतील भांड्याकुंड्यांखेरीज तेथें तरी दुसरें काय घडतें?

आमच्या गांवींही याचा दाखला आहे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरास शिक्षक होते. छात्रालयांतील मुलांसाठीं ते हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांच्या खोल्या झाडाव्या, अंथरुणांच्या घड्या घालाव्या, आणि पुन्हा त्यांच्यासाठीं लिहावें, असा त्यांचा क्रम असे. पुढें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं "श्यामची आई" लिहिली, तींतही आईचें रोजचेंच वागणें आहे. तें दैनिक मात्र मुलांनीं वाचावें म्हणून लिहिलेलें होतें. रोजनिशीचें तसें नाहीं. दुसऱ्यानें वाचावें म्हणून लिहूं लागलों कीं लेखणी आपोआप सरळ बसते व केंस विंचरते. तेंही लिहावें, पण वेगळ्या वहींत.

आतां एक गोष्ट सांगतों. आमच्या एका विद्यार्थ्यास आम्हीं सुचविलें कीं, रविवारीं घरांतील कोणास विसांवा मिळाला नाहीं, एवढेंच चार आठवडे लिहावें. सुचविण्याचें कारण असें : निर्गमाच्या विसाव्या अध्यायांत विसाव्याच्या दिवसाची जी आज्ञा आहे, तींत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेंढोरें व दारीं आलेला परका, या सर्वांचीं नांवें घेतलेलीं आहेत. आपल्याकडे बैलांस पोळ्याचा दिवस तरी ठरलेला आहे. या मुलाची आई दर रविवारीं दुसरें गायन संपल्यावर देवळांत येई व मागल्या बांकावर बसे. लोक वळून पाहात, व मुलास त्याची लाज वाटे. तो पुढें मित्रांत बसे. पहिल्या रविवारीं त्यानें लिहिलें : "आईस पुन्हा उशीर." दुसऱ्या रविवारीं त्यानें ती किती वाजतां उठली तें लिहिलें. तिसऱ्या रविवारीं यादी होती : पाणी, चूल, धाकट्या दोघांची आंघोळ, पाहुण्यांच्या भाकरी, आणि "माझ्या सदऱ्याचें बटण." चौथ्या शनिवारीं सायंकाळीं त्यानें पिंप भरून ठेवलें व बटण स्वतः लावलें. तरीही रविवारीं आईस उशीर झालाच, कारण सकाळच्या गाडीनें मावशी आली! त्या दिवशीं तो मागल्या बांकावर बसला.

हिंदु व मुसलमान विद्यार्थ्यांनीं हा लेख आपला नव्हे असें समजूं नये. ज्याच्या घरीं जो दिवस उपासनेचा किंवा उपवासाचा, त्यानें त्या दिवसाविषयीं हाच प्रश्न विचारावा. फराळाचें करणारे हात कोणाचे, हें लिहावें.

पालकांस एक विनंति. मुलाची वही उशाखालीं सांपडली तर ती जेथल्या तेथें ठेवावी. ती चोरून वाचली गेली असें एकदां मुलास कळलें कीं, तो लिहिणें सोडीत नाहीं. तो खोटें लिहूं लागतो, आणि तें अधिक वाईट. त्यानें स्वतः वाचून दाखविलें तर ऐकावें. शुद्धलेखनाच्या चुका त्या वेळीं काढूं नयेत, तें काम आमच्याकडे राहूं द्यावें.

वर सांगितलेली हकीकत त्या विद्यार्थ्याच्या संमतीनें दिली आहे. त्यानें आम्हांस चारच पानें वाचून दाखविलीं. त्याच्या वहींतील बाकीचीं पानें आम्हीं पाहिलेलीं नाहींत.